किल्ला एकट्याच्या हाती देऊ नका

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की वसुबारस साधारण सतरा दिवसांवर येते. सहामाही परीक्षा, चकलीची भाजणी, घराची झाडलोट हे सगळं त्या सतरा दिवसांत कोंबायचं असतं, आणि अंगणातला किल्लाही त्याच दिवसांत उभा राहतो. किंवा राहत असे. पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात, ठाण्या-डोंबिवलीत, तिकडे बेळगावात अजून काही गल्ल्यांमध्ये तो होतो. पण ‘काही गल्ल्यांमध्ये’ असं लिहावं लागतं, हेच दुखणं आहे. दहा इमारतींच्या एखाद्या संकुलात दिवाळीच्या दिवसांत चक्कर मारून बघा. कंदील दिसतील, दिव्यांच्या माळा दिसतील, लिफ्टच्या दाराशी मोठी रांगोळीही असेल. किल्ला शोधावा लागेल. सापडलाच, तर बहुधा कुणाच्या तरी बाल्कनीत स्टुलावर ठेवलेला, प्लास्टरचा, बाजारातून आणलेला.

हा प्लास्टरचा किल्ला मला सलतो. दिसायला तो वाईट नसतो. बुरूज सारखे, पायऱ्या एकसारख्या, तटाखाली हिरवा रंग फवारलेला. दिवाळी झाली की खोक्यात घालून माळ्यावर टाकता येतो आणि पुढच्या वर्षी पुसून पुन्हा मांडता येतो. त्याला माती लागत नाही, पाणी लागत नाही, आणि दुसरं माणूसही लागत नाही. माझं सगळं भांडण या शेवटच्या गोष्टीशी आहे.

मातीच्या किल्ल्याला माणसं लागतातच. ते कामच तसं आहे. आधी भिंतीचा एखादा कोपरा धरायचा, म्हणजे डोंगराला पाठ आयती मिळते. तिथे विटांचे तुकडे, दगड, फुटक्या कुंड्या, गंजके डबे रचून सांगाडा करायचा. हे सामान एका घरात कधीच नसतं. विटा ज्याच्याकडे न्हाणीघराची दुरुस्ती चालू आहे त्याच्याकडून येतात, कुंडी तळमजल्यावरच्या आजींकडून, घमेलं आणि थापी समोरच्या बांधकामावरून. पोती पूर्वी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळत. आता त्याच्याकडे प्लास्टिकची असतात आणि त्यांवर चिखल धरत नाही, म्हणून गोणपाटासाठी आणखी चार दारं वाजवावी लागतात. ज्या दारांवरून आपण वर्षभर नुसते पुढे जातो, ती दारं.

मग माती चाळायची, पाणी घालून पायाने तुडवायची आणि हाताला चिकटेल इतपत पातळ चिखल करायचा. त्यात पोतं बुडवायचं. भिजलेलं पोतं एकट्याला उचलत नाही. चार कोपरे चौघांनी धरायचे, सांगाड्यावर न्यायचे आणि ‘सोड’ म्हटल्यावर एकदम सोडायचे. एकाने आधी सोडलं की डोंगर एका बाजूला फताडा होतो आणि भांडण पेटतं. हे भांडण झालंच पाहिजे असं माझं मत आहे. ते मिटल्याशिवाय दुसरं पोतं चढत नाही आणि ते मिटवायला कुणी मोठं माणूस आलं तर मुलं त्यालाच हाकलून देतात.

रात्रीत पोतं वाळतं, चिखलाला भेगा जातात. दुसऱ्या दिवशी आणखी पातळ चिखलाचा हात फिरवायचा. मग तट आणि बुरूज. ज्याचा हात नेटका, तो तट घेतो. ज्याला धीर नाही, त्याला बादल्या भरायला पाठवतात. अगदी लहानांना वाट मिळते, म्हणजे काडीने पायऱ्या कोरायच्या. त्या वाकड्याच येतात आणि वाकड्याच राहू देतात. करवंटीची विहीर, आरशाच्या तुकड्याचं तळं, काड्यापेट्यांचे वाडे, पायथ्याशी बाजारपेठ. शेवटी हळीव किंवा मोहरी पेरायची. तिला रोज सकाळी पाणी शिंपडावं लागतं. जास्त झालं तर तट विरघळतो, कमी झालं तर डोंगर बोडका राहतो. कुणाच्या पाळीला पाणी राहिलं, ते चौथ्या दिवशी सगळ्या गल्लीला दिसतं.

मावळ्यांच्या प्रमाणाविषयी न बोललेलं बरं. महाराज बुरुजाहून उंच, शेजारी त्यांच्याएवढाच वासुदेव, गवळण म्हशीपेक्षा मोठी, आणि दरवाजावर पहाऱ्याला कुणाच्या तरी घरचा प्लास्टिकचा वाघ. प्रत्येक घरातून एकेक चित्र आलेलं असतं, म्हणून हे असं होतं. ते तसंच शोभतं.

आणि हे सगळं रस्त्याकडे तोंड करून मांडलेलं असतं. येणारा-जाणारा थांबतो, ‘कुठला गड?’ विचारतो, आणि सात वर्षांची पोर हातातली काडी फिरवत त्याला चोरदरवाजा दाखवते. तिकीट नाही, दार नाही, पाटी नाही. सार्वजनिक कला म्हणतात ती हीच. जगात इतरत्र ती उभी करण्यासाठी लोकांना फार आटापिटा करावा लागला आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला ज्युडी बाका या चित्रकर्तीने 1970च्या दशकात पुराच्या पाण्याच्या काँक्रीट कालव्याच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवायला घेतला. त्यासाठी तिने वेगवेगळ्या वस्त्यांमधली, एकमेकांशी न बोलणारी तरुण मुलं एकत्र आणली. अशा चारशेहून अधिक जणांच्या हातून सुमारे अर्ध्या मैलाचं चित्र झालं. त्याला निधी लागला, परवानग्या लागल्या, संस्था काढावी लागली. आपल्याकडे तेच काम दर आश्विनात शेजारच्या पोरांनी फुकटात केलं, म्हणून बहुधा आपल्याला त्याची किंमत कळली नाही.

शिवकाळातल्या गडांचा कारभार ज्यांनी वाचला असेल, त्यांना गल्लीतल्या किल्ल्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य आणि सामानसुमान कारखानिसाकडे. ते एका जातीचे नसावेत अशीही काळजी घेतलेली असे. सभासदाच्या बखरीत ही व्यवस्था नोंदलेली आहे. हेतू उघड होता: एक माणूस फितला म्हणून गड जाऊ नये. महाराजांनी किल्ला एकट्याच्या हाती कधी दिला नाही. आमच्या गल्लीतही एक ताई आरडाओरडा करणारी हवालदार असायची, एक मुलगा वर्गणीची वही सांभाळायचा आणि तिसरा मावळ्यांचा डबा रोज रात्री मोजून घरी न्यायचा. त्यांना बखर कुणी वाचून दाखवलेली नव्हती. चारचौघांचं काम चार दिवस टिकवायचं असेल तर वाटणी अशीच होते. प्लास्टरचा किल्ला विकत आणणारे आईबाप नेमकी हीच वाटणी मोडतात. त्यांचा हेतू चांगला असतो, मुलाला हवं ते ते देतात. पण किल्ला एकट्याच्या हाती देतात.

आता मातीचा किल्ला का नाहीसा होतो आहे, ते पाहू. ‘मुलं मोबाइलमध्ये असतात’ हे उत्तर सोपं आहे आणि मला ते पटत नाही. मुलांना चिखल दाखवा, मोबाइल बाजूला पडतो. खरं कारण पायाखाली आहे. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा अंगण गेलं. आवाराला पेव्हर ब्लॉक बसले. बाग उचलून पार्किंगच्या छतावर नेली आणि तिथल्या हिरवळीवर पाय ठेवायला मनाई. चार घमेली माती हवी असेल तर ती नर्सरीतून पिशवीने विकत आणावी लागते, हे ज्या पोरांना ठाऊक आहे, ती किल्ल्याचा विचार तरी कशी करणार?

आणि कुणी केलाच तर सोसायटीची कमिटी आहे. कमिटीचे आक्षेप मी बरेच ऐकले आहेत. पाइप तुंबतात, भिंतीचा रंग जातो, डास होतात, एकाला परवानगी दिली की उद्या दुसरा मागतो. यातला पहिला आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. किल्ल्याखाली ताडपत्री अंथरा आणि तिच्या कडा विटांनी उचलून घ्या, म्हणजे गढूळ पाणी पसरत नाही. हात, घमेली, थापी नळाखाली न धुता बादलीत धुवा आणि ती बादली झाडांच्या आळ्यात ओता. जवळच्या गटाराच्या जाळीवर गोणपाटाची घडी ठेवा. एवढं केलं तर प्लंबर बोलवावा लागत नाही. भिंतीला मागून जुनं फ्लेक्स लावलं की रंग शाबूत राहतो. आपल्याकडे वाढदिवसांच्या शुभेच्छांचे फ्लेक्स कमी नाहीत. तळ्यासाठी पाणी न साठवता आरसा वापरला की डासांचा प्रश्न मिटतो. राहिला शेवटचा आक्षेप, उद्या दुसरा मागेल. मागू द्या. दुसऱ्या विंगची मुलं मागतील तर दोन किल्ले होतील.

सहा फूट बाय आठ फूट जागा, तीन आठवडे. एका मोटारीच्या पार्किंगच्या निम्म्याहूनही कमी जागा झाली ही. दोन मोटारी ठेवणारी घरं प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांतल्या एकाने दुसरी गाडी तीन आठवडे रस्त्यावर लावली तर प्रश्न सुटला. हे मी थट्टेने लिहीत नाही.

दुसरं संकट प्रेमाच्या पोटी आलेलं आहे. किल्ले स्पर्धा. सुरुवातीला त्यांनी किल्ला जगवला, हे मान्य. पण बक्षिसाची रक्कम वाढली की मुलं प्रेक्षक होतात. परीक्षक येणार म्हणून बाबा रजा काढतात, काका थर्माकोल कापतात, कारंजाला मोटर बसते, ध्वनिमुद्रित निवेदन लागतं, आणि ज्या मुलांच्या नावाने हा सगळा खेळ, त्यांना ‘हात लावू नको’ असं ऐकावं लागतं. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्या-वाड्यांतले तरुण नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात. तेही असंच हाताने, मिळून करायचं काम. तिथेही बक्षिसं मोठी झाली, कर्णे मोठे झाले, आणि आता जुनेजाणते लोक कानावर हात ठेवून तक्रार करतात. आपण त्या वाटेने जाऊ नये. स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे की रोख बक्षीस बंद करा. परीक्षकांनी किल्ला बघण्याआधी एकच गोष्ट विचारावी: यात किती घरांची माणसं होती? ज्याचं उत्तर मोठं, त्याला पुढच्या वर्षीसाठी दोन ब्रास लाल माती द्या. मुलांना ती चषकाहून जास्त आवडेल.

माणसांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी बोलत नाही. आजच्या मोठ्या संकुलात मातीचं काम कुणाला येतं? चौदाव्या मजल्यावरच्या इंजिनीयरला नाही. ते येतं सुरक्षारक्षकाला, जो बिहारातून किंवा मराठवाड्यातून आलेला आहे आणि ज्याने गावाकडे घराच्या भिंती लिंपल्या आहेत. ते येतं माळ्याला, पलीकडच्या साइटवरच्या गवंड्याला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना, ज्यांनी लहानपणी अंगण सारवलेलं आहे. एका उपनगरातल्या संकुलात मी पाहिलं, की तटाचा चिखल सारखा गळून पडत होता. गेटवरचा रक्षक हे बराच वेळ बघत होता. शेवटी तो आला, म्हणाला यात भुसा पाहिजे, आणि बसलाच. त्या दिवसापर्यंत मुलं त्याला ‘वॉचमन’ म्हणत. दुसऱ्या दिवसापासून काका म्हणायला लागली. त्याचा मुलगाही मग संध्याकाळी यायला लागला. त्या संकुलात वर्षभर ‘एकोपा’ या नावाने जेवणावळी होतात, पण रक्षकाला तिथे ताट वाढल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणून किल्ला करताना दार कुणालाच बंद ठेवू नका. पूर्वी किल्ला मुलांचा आणि रांगोळी मुलींची अशी वाटणी बऱ्याच घरांत होती. ती आता सोडून द्यावी. शेजारी सलीम राहत असेल तर तोही आला पाहिजे, आणि भाड्याने राहणारी तमिळ घरंही. त्यांना बोलवायला तर आता सबळ निमित्त आहे. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या 12 किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांतले 11 महाराष्ट्रातले आहेत आणि बारावा जिंजी तमिळनाडूतला. राजाराम महाराज जिंजीत राहिले आणि तो गड मोगलांच्या वेढ्यात सुमारे आठ वर्षं झुंजला. तुमच्या इमारतीत चेन्नईकडचं एखादं कुटुंब असेल, तर यंदा जिंजी करा आणि डोंगरांची रचना त्यांच्या आजोबांना विचारा.

त्या बारांत रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. दरवर्षी सगळी गल्ली रायगडच करते, हे मला कंटाळवाणं वाटतं. लोहगडाचा विंचुकाटा करून बघा, तो चिखलात सुंदर येतो. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी मुलांना करायला दिली तर दोन तटांमधली जागा कशासाठी, हा प्रश्न ती आपणहून विचारतात. खांदेरी करायचा असेल तर डोंगर फारसा लागत नाही, निळी रांगोळी भरपूर लागते. आणि ज्यांच्या गावात गडच नाही त्यांनी आपला भुईकोट करावा. सोलापूर, परांडा, औसा, नळदुर्ग. नळदुर्गात बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातच पाणीमहाल बांधलेला आहे. तो मातीत उतरवताना पाणी कुठून न्यायचं यावर एक संध्याकाळ सहज जाते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सांगूनच ठेवलं आहे की गड बांधण्याआधी पाणी बघावं आणि एकाच झऱ्यावर विसंबून राहू नये. एकच दरवाजा ठेवणं हाही त्यांच्या लेखी दोष आहे. मुलांना हे वाचून दाखवा. मग चोरदिंडी कुठे काढायची यावर पुन्हा भांडण होईल, होऊ द्या.

आता मागण्या. कमिटीने जागा द्यावी, हे वर आलंच. बिल्डर लोकांनो, पाया खणताना निघालेला मुरूम आणि माती तुम्ही ट्रकने बाहेर पाठवता; त्यातला एक टेंपो आजूबाजूच्या सोसायट्यांच्या दारात ओता. पालिकांनी दिवाळीपुरता प्रत्येक उद्यानाचा एक कोपरा मोकळा ठेवावा. ज्या झोपडवस्तीत सहा बाय आठची जागाच नाही, तिथल्या मुलांचा किल्ला तिथे होईल. शाळांनी परीक्षा अगदी दिवाळीच्या तोंडावर आणून ठेवू नये, आणि सुट्टीच्या अभ्यासात ‘किल्ल्याची प्रतिकृती घरी करून आणणे’ तर मुळीच घालू नये, कारण ती घरी होते, एकटी होते आणि आई करते. कुंभारवाड्यातून मातीचे मावळे घ्या. एका घरातून दोन पुरे. आईबापांनी विटा आणून द्याव्यात, चहा पाठवावा आणि मग घरात जावं. वरून सूचना देण्याचा मोह आवरत नसेल तर खिडकी लावून घ्यावी.

किल्ला संपल्यावरचंही आधीच ठरवा. तुळशीच्या लग्नापर्यंत तो ठेवता येतो. काही ठिकाणी शेवटी सुतळी बॉम्ब लावून उडवतात. मी त्या पक्षाचा नाही, पण मुलांचं बहुमत नेहमी त्या बाजूला असतं. काही झालं तरी माती फेकायची नाही. ती पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवा, पुढच्या वर्षी तीच कालवता येते. जागा नसेल तर झाडांना घाला. विटा ज्याच्या त्याला परत.

या सगळ्याला वेळ कुठे आहे, असं म्हणाल तर पंचांग उघडा. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागरी आहे. दूध आटवायला सगळी इमारत गच्चीवर जमतेच, आणि चंद्र वर येईपर्यंत तिथे कुणालाच दुसरं काम नसतं. त्याच रात्री गड ठरवा, कोपरा ठरवा, कोण हवालदार, कोण सबनीस, कोण कारखानीस ते मुलांनाच ठरवू द्या. सचिव तिथेच असतात. परवानगी तोंडी घ्या आणि दुसऱ्या दिवशी कागदावर. वद्य पंचमीपर्यंत सांगाडा, अष्टमीच्या आत पोतं, मग लगेच हळीव, म्हणजे वसुबारसेला गड हिरवा दिसतो. गोणपाट मात्र आजपासूनच शोधायला लागा, ते मिळायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो.